साडेअकरा मीटर

रविवार, १२ फेब्रुवारी

आज भांडी घासताना उगाचच आठवलं. जेमा सात वर्षांची असेल. शनिवारच्या शर्यती आटपून घरी येताना मी गाडी फाटकापाशी थांबवायची आणि आम्ही दोघी एक संत्रं वाटून खायचो. एक फोड तिला, एक मला. शेवटची उरली की ती म्हणायची, "तू घे, तू मोठी आहेस." आणि पटकन स्वतःच तोंडात टाकायची!

आता ती चौतीसची. तिची टेस चौदा महिन्यांची. आणि मी त्रेसष्टाव्या वर्षी तिची प्रशिक्षक — म्हणजे घड्याळ धरून उभी राहणारी म्हातारी. काल शर्यतीत जेमा पुन्हा पाचवी आली. पाय जड. शेवटचे तीस मीटर तर चालल्यासारखी. टेस झोपू देत नाही, सकाळी कामावर जायचं, संध्याकाळी देणग्या गोळा करायला डबा घेऊन दुकानोदुकानी फिरायचं, मग पळायचं. कुठून येणार वेग?

तरी हट्ट सोडत नाही. टेस अकरा आठवडे आधी जन्मली, तेव्हा शहरातल्या इस्पितळाजवळ गावाकडच्या आईबापांसाठी जे मोफत घर आहे, तिथे आम्ही दीड महिना राहिलो. पण जेमाला इस्पितळातून सोडल्यावर पहिले चार दिवस तिथे खोलीच रिकामी नव्हती. जेमाने ते चार दिवस गाडीत काढले. पोटाला टाके, इस्पितळाचं पार्किंग, शेजारी मी. ईस्टर सोमवारी आपल्या गावची मोठी शर्यत ती जिंकली, तर बक्षिसाची सगळी रक्कम त्या घराला. फुटबॉल क्लब तेवढीच भर घालणार — पण जिंकली तरच. दोन नव्या खोल्या होतील.

बुधवार, १५ फेब्रुवारी

मर्व्ह हॅलोरन अंडी न्यायला आला. सगळ्या पोरी शेवटच्या फितीला एकदमच पोचल्या पाहिजेत हे त्याचं तीस वर्षांचं स्वप्न — म्हणून हळू पळणारीला तो काही मीटर पुढून सोडतो, वेगवान पोरीला मागून. ईस्टरचे मीटर आता तोच ठरवणार.

"खरं सांग नोरीन, पोरगी दमलीय की पाय राखतेय?"

असा राग आला! पाय राखणं म्हणजे वर्षभर मुद्दाम हळू पळून जास्तीचे मीटर लाटणं. माझी जेमा?

"मर्व्ह, ती आई झालीय. तुला काय कळणार?"

"मला चार आहेत."

"तुझ्या बायकोला आहेत!"

हसला. मग म्हणाला, "तुझ्या तोंडून आलं ना, बस झालं."

मंगळवार, १४ मार्च

मीटर जाहीर झाले. जेमाला साडेअकरा! शनेल पाइकला फक्त पाच. एकोणीस वर्षांची पोर, पहाटे बापाबरोबर दीडशे गाई पिळून मग सरावाला येते. दोनदा जिंकली, त्याची ही शिक्षा.

ट्रेव्ह खाटीक गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "साडेअकरा? अजून थोडी पुढे उभी केली असती तर पोरगी फितीच्या पलीकडूनच सुटली असती!" सगळे हसले. मीही हसले. डब्यात त्याने नोट टाकली.

रविवार, २६ मार्च

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

मागच्या रानात टेप लावून अंतर मोजलं, साडेअकरा मीटर पुढे खूण केली. टेस ढकलगाडीत बिस्किट चोखत होती. जेमा पळाली. घड्याळ पाहिलं — तेरा पूर्णांक सहा सेकंद! वाटलं, घड्याळ बिघडलं. पुन्हा पळायला लावलं. तेरा पूर्णांक सात. मोसमभर चौदा पूर्णांक सातच्या खाली आली नव्हती. लग्नाआधीसुद्धा ती एवढ्या वेगात पळाली नव्हती.

धापसुद्धा लागली नव्हती तिला. माझ्याकडे बघत नव्हती.

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा चेहरा खोटं बोलू शकत नाही, आई. मर्व्ह तुलाच विचारणार हे माहीत होतं."

म्हणजे मी काय — पोस्टाचं तिकीट? मला चिकटवून खोटं पाठवलं!

"सगळ्याच राखतात, आई."

"शनेल नाही राखत."

"म्हणून तर ती पाचवर आहे!" मग हळू आवाजात, "त्या पार्किंगमध्ये तू होतीस ना माझ्याजवळ? आज तिथे दुसरी कुणी असेल."

मी टेप गुंडाळायला लागले. 

मंगळवार, २८ मार्च

जेमा दारातच थांबते. टेसला माझ्या हातात देते, दुपट्यांची पिशवी ठेवते, जाते.

रविवार, २ एप्रिल

चर्चमध्ये मर्व्ह दोन बाकं पुढे. त्याच्या मानेकडे बघत सगळी प्रार्थना गेली. कॉन्व्हेंटात सिस्टर इटा म्हणायच्या, "मुलींनो, गप्प राहणं हेही बोलणंच आहे. देवाला ते ऐकू येतं." तेव्हा आम्ही खुसुखुसु हसायचो.

बाहेर आल्यावर त्याला हाक मारणार होते. पण ट्रेव्हच्या बायकोने गाठलं — क्लबने मोठा धनादेश छापून घेतलाय म्हणे, फक्त आकडा लिहायचा बाकी.

घरी येऊन मर्व्हला चिठ्ठी लिहिली. फाडली. आणखी एक लिहिली. तीही.

शनिवार, ८ एप्रिल

प्राथमिक फेरी. जेमा दुसरी आली, अंतिम फेरीत गेली. इथेही पाय राखलेच! आता मला दिसतं — साठ मीटरनंतर खांदे सैल सोडते. आधी कसं दिसलं नाही?

सरळ पंचांच्या तंबूत गेले. ठरवूनच. मर्व्हच्या मांडीवर टेस, तिच्या तोंडात त्याची शिट्टी.

"बरं झालं आलीस. दोघंजण कुरकुरत होते, साडेअकरा जास्त दिले म्हणून. मी म्हटलं, बाबांनो, नोरीन टियर्नीचा शब्द आहे. गप्प बसले!"

मी तोंड उघडलं. "चहा आहे का?" एवढंच बाहेर पडलं.

त्याने चहा दिला. मी प्यायले.

रविवार, ९ एप्रिल. ईस्टर.

उद्या सकाळी सांगणार. अंतिम फेरीच्या आधी. नक्की.

सोमवार, १० एप्रिल

सांगितलं नाही.

जेमा जिंकली. शनेल दुसरी, अगदी छातीभर अंतराने. साडेसहा मीटरची भरपाई करत आली पोर, आणखी दोन पावलं मिळती तर गाठलंच होतं. आणि मी काय करत होते? "पळ जेमा, पळ!" म्हणून किंचाळत होते. घसा बसलाय. लाज वाटते — आनंद झाला होता. खराखुरा.

क्लबचे लोक जेमाला खांद्यावर घेऊन गेले. ती रडत होती. लोकांना वाटलं, आनंदाने.

मग शनेल आली. "मिसेस टियर्नी, हरायचंच होतं तर अशा कामासाठी हरलेलं बरं." दुसऱ्या बक्षिसाचं पाकीट डब्यात टाकलं आणि गेली. घाईत होती. गाई वाट बघत असतील.

टेस विजेतीचा पट्टा गळ्यात घालूनच झोपली. काढला नाही.

मंगळवार, ११ एप्रिल

उद्या दुपारी क्लबात धनादेश देणार आहेत. त्याच्या आत हे व्हायचं आहे.

पट्टा शनेलचा. तिच्या घरी मी स्वतः नेऊन देईन, पोस्टाने नाही. तिचं पाकीटही तिलाच, न फोडता. डब्यात लोकांनी जे घातलं ते त्या घराला, ते कुणाला परत करायचं नाही. क्लबने आणि शर्यत भरवणाऱ्यांनी काय द्यायचं ते त्यांनी सगळं कळल्यावर ठरवावं.

ही वही जेमाला. आज संध्याकाळी टेसला न्यायला येईल तेव्हा हातात देणार. सगळी वाचायची, एकही पान फाडायचं नाही — माझ्या चहाचं तर मुळीच नाही. मग तिने स्वतः ती मर्व्हकडे न्यावी.

उद्या सकाळी दहापर्यंत नेली नाही, तर मी नेईन.