सरूची गार शेगडी

नायगाव, सोमवार, दिवेलागणीनंतर

कोळसा वाचावा म्हणून शेजारच्या सरूचं नि माझं ठरलेलं आहे. एक दिवस तिने शेगडी पेटवायची, एक दिवस मी. एकीचा स्वयंपाक झाला की उरलेल्या निखाऱ्यांवर दुसरीने आपलं शिजवायचं. आज पाळी तिची. मी डाळ धुऊन केव्हाची बसले होते. दोनदा गॅलरीत जाऊन पाहिलं, तर तिच्या दारात शेगडी गारच. पाळी चुकवतेय की काय? रागच आला मला.

एवढ्यात हे आले, सदरा फाटलेला. दारातूनच विचारलं, "लक्ष्मण आला का गं?" लक्ष्मण म्हणजे सरूचा नवरा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दोघे बरोबर गेले होते. लाठीमारात पांगापांग झाली आणि चुकामूक झाली.

मग मीच शेगडी पेटवली. सरूला डाळभात नेऊन दिला तर म्हणाली, "ठेवा वहिनी. हे आले की बसू."

एरवी मी निखाऱ्यांवर पाणी मारून उरलेला कोळसा उद्याला ठेवते. आज हात धजत नाही. लक्ष्मण आल्यावर त्याला जेवण गरम लागेल ना? तिची शेगडी अजून गारच आहे. माझ्या शेगडीत मी पुन्हा मूठभर कोळसा टाकला.