रुमालाखाली ठरलेले सहा महिने

१४ नोव्हेंबर, शुक्र.

उशीर झाला लिहायला. ऑगस्टपासून वही उघडली नाही, माफी असावी. लिहिण्यासारखं एकच होतं, ते लिहिलं की खरं होईल अशी भीती.

आज बाजाराचा दिवस, पण गेलो नाही. अकराला सचिनचा फोन. आमचे अकरा म्हणजे त्यांची संध्याकाळ. मुलगा-सून न्यूझीलंडला जाऊन पाच महिने झाले, नात सई शाळेत एक शब्द बोललेली नाही. एक शब्द नाही. घरात बोलते, जेवते, भांडते. शाळेच्या दारात गेली की तोंड बंद. त्या सरकारी शाळेतल्या वर्गात मुलं फार, बाईंना वेळ नाही. आता खाजगी शाळा बघताहेत. नवीन वर्ष तिकडे फेब्रुवारीत सुरू होतं.

शेवटी म्हणाला, "नाही जमलं नाना, तर जानेवारीत वैशाली तिला घेऊन येईल. वर्षभर तुमच्याकडंच राहू दे."

फोन ठेवला आणि तिची गादी उन्हात टाकली. मग लाज वाटली. पोरगी तिकडे मुकी झाली आणि मी गादी उन्हात टाकतोय.

गादी संध्याकाळपर्यंत उन्हातच होती.

१६ नोव्हें., रवि.

व्हिडिओवर सगळे दिसले. दोन शाळा आहेत. एक मोठी, चर्चची. गणवेश, टाय, गोल टोपी. वैशालीला ती हवी. नर्सच्या नोकरीत जादा पाळ्या करते आहे त्यासाठी. दुसरी लहान, गावाबाहेर. एका वर्गात बारा मुलं, मागे कोंबड्या पाळलेल्या, आणि मुलं अनवाणी हिंडतात. सचिनला ती आवडली.

मी विचारलं, गरिबांची आहे का?

"न्हाई ओ नाना. इथं चांगल्या घरची पोरं बी अनवाणीच असत्यात."

फी घेऊन पोरं अनवाणी. सचिनला चौथीत पहिले बूट घेतले तेव्हा तो रात्री उशाशी घेऊन झोपला होता, हे त्याला आठवत नसेल. मी टोपीवालीच्या बाजूने बोललो. वैशालीला बरं वाटलेलं दिसलं. तिच्या बाजूने मी कधी बोललो नव्हतो.

सईने फक्त विचारलं, लाली व्याली का. म्हटलं, दोन करडं, एक पांढरं. तिने मान हलवली. केस फार बारीक कापलेत.

१८ नोव्हें., मंगळ.

सचिनने आज एक गोष्ट सांगितली.

मागच्या महिन्यात शाळेतल्या बाईंनी सईला विचारलं, घरी किती माणसं. सईने बाईंच्या गळ्यातला स्कार्फ ओढून दोघींच्या हातांवर टाकला आणि खालून त्यांची बोटं दाबली. बाई दचकल्या. घरी चिठ्ठी आली की मुलीचं वागणं बरोबर नाही, तज्ज्ञाला दाखवा. सचिनने तेव्हा कळवलं नाही. म्हणाला, तुम्ही जीवाला लावून घेता.

जीवाला लावून घेणारच. हे मीच शिकवलं. चाळीस वर्षं घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली केली. भाव कधी तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खालून बोटं धरायची. एक बोट एक, पंजा पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. आईबाप सुप्याला कंपनीत आणि दवाखान्यात पाळ्या करायचे, त्यामुळे सई तिसऱ्या वर्षापासून इथे. आजी गेल्यावर आम्ही दोघंच. भाकरी किती खाणार, गोळ्या किती हव्यात, सगळं रुमालाखाली ठरायचं. ती हसायची खूप.

रशीदभाईला सांगितलं. तीस वर्षं आम्ही जोडीने बाजार केला, शेजारीच राहतो. तो हसायला लागला.

"नाना, पोरगी मुकी न्हाई. पक्की व्यापारी हाय. समोरच्याला आधी बोलू देती."

मला हसू आलं नाही.

२० नोव्हें., गुरु.

लहान शाळेने कळवलं, एका मुलीची जागा आहे. पण इथल्या जुन्या शाळेच्या बाईंचं पत्र हवं, इंग्रजीत, शिक्का मारून. मूल तिथे बोलत होतं का, वाचत होतं का. टोपीवाल्या शाळेने आधीच नाही म्हटलं. वैशाली फोनवर आली नाही.

आपल्या झेडपीच्या शाळेत गेलो. पहिलीच्या पठारे बाई खिचडीच्या पातेल्याशी उभ्या होत्या. ऐकून पळी हातातच राहिली.

"सई बोलत नाही? अहो नाना, तिला गप्प बसवता बसवता माझा घसा बसायचा."

तिथेच टेबलावर पत्र लिहिलं. हेडमास्तरांचा शिक्का घेतला. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीतून वाचून दाखवलं. कविता खड्या आवाजात म्हणते, लहान मुलांना वाचून दाखवते, कोणाचं चुकलं तर लगेच सांगते. पत्र फार चांगलं आहे.

घरी आणलं. फोटो काढून पाठवायचा, एवढंच काम. ते मला येतं.

पाठवला नाही. या वहीत ठेवलं आहे.

२१ नोव्हें., शुक्र.

बाजारापर्यंत गेलो पण आत शिरलो नाही. पुढे रस्त्यावर इंग्लिश मीडियमची नवी शाळा झाली आहे, पिवळी बस आहे, तिकडे गेलो. काचेमागच्या बाईंना विचारलं, दुसरीत जागा मिळेल का, जानेवारीत.

त्या म्हणाल्या, मुलगी कुठून येणार? म्हटलं, न्यूझीलंड. त्यांनी मान वर केली. माझ्या धोतराकडे पाहिलं, मग खुर्ची दिली. बस दारापर्यंत येते म्हणाल्या. घरात अभ्यास कोण घेणार? मी चौथी शिकलेला. ते सांगितलं नाही, म्हटलं, आम्ही आहोत ना. रजिस्टरला तिचं नाव लिहून घेतलं. वडिलांचं नाव, आडनाव, पत्ता घोडेगाव.

पत्ता घोडेगाव लिहिताना बघितलं आणि इतकं बरं वाटलं. येताना भजी खाल्ली. रशीदभाईला काही सांगितलं नाही.

२३ नोव्हें., रवि.

सचिनने पत्राचं विचारलं.

खोटं बोललो. बाई ट्रेनिंगला गेल्यात म्हटलं. त्याला लगेच पटलं. मास्तरांना वर्गाबाहेरची किती कामं असतात ते सगळ्यांना माहीत. शुक्रवारच्या आत पाहिजे म्हणाला, नाहीतर जागा दुसऱ्याला देतील. वैशाली मागे ओट्याशी उभी होती. वळून बघितलं.

सई समोर आलीच नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

वैशालीने एकटीने फोन केला. लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्याशी एकटीने कधी बोलली नव्हती. तिची ड्यूटी संपली होती, गाडीत बसून बोलत होती.

म्हणाली, नाना, तुम्हाला म्हणून सांगते, यांना सांगितलं नाही. सईने भिंतीवर कपाटामागे पेन्सिलीने रेघा मारल्यात. रोज एक. मी विचारलं काय आहे, तर म्हणाली, सांगायचं नसतं. फार विचारलं तेव्हा म्हणाली, नानांशी ठरलंय.

"काय ठरलंय नाना? पोरगी कशाची वाट बघती?"

मी म्हटलं, आवाज येत नाही. फोन ठेवला.

इथे तरी खरं लिहितो. नऊ जूनला गाडी दारात उभी होती आणि सई माझं धोतर सोडेना. सचिन ओरडला, विमान चुकेल. मी रुमाल टाकला, तिचा हात धरला आणि दाबला. पंजा, वर एक बोट. सहा महिने. सहा महिन्यांनी परत. तिने डोळे पुसले आणि उलटून तसंच दाबलं. सौदा पक्का झाल्याचा इसार म्हणून खिशातलं खोडरबर माझ्या हातात दिलं, आणि गाडीत जाऊन बसली. रडली नाही. सचिन म्हणाला, काय जादू केली नाना.

तोंड बंद व्हावं म्हणून दाबली बोटं. खरंच बंद झालं.

आणि रुमालाखालचं ठरलेलं पुरं होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, हे पण मीच शिकवलेलं. तिथल्या लोकांशी ती का बोलेल? तिच्या हिशेबाने ती तिथे पाहुणी आहे. थोडे दिवस राहिलेत.

२६ नोव्हें., बुध.

पत्राचा फोटो सकाळी पाठवला. दोनदा पाठवला, पहिल्यात शिक्का कापला गेला होता.

सचिन : बाई आल्या का ट्रेनिंगहून?

लिहिलं, आल्या.

मग वैशालीला फोन लावला आणि सहा महिन्यांचं सगळं सांगितलं. पत्राचंही. मी तयार होतो, काय बोलेल ते ऐकायला. ती म्हणाली, "आता तुमीच सोडवा नाना. माझ्यानं सुटायचं न्हाई ते."

२७ नोव्हें., गुरु.

लहान शाळेने सईला एक दिवस बोलावलं आहे, चार डिसेंबरला. मुलांत बसवून बघणार. त्याआधी मला बोलायचं आहे.

रशीदभाईला विचारलं, ठरलेला सौदा मोडायचा तर कसा मोडावा. सगळं सांगितलं त्याला. या वेळी हसला नाही. भाभीला चहा टाकायला सांगितलं. म्हणाला, बाजारात मोडतात तसाच मोड. तोंडावर, इसार परत करून. पोर लहान आहे म्हणून गोड बोलून फिरवू नको.

"ती तुला शिव्या देईल. देऊ दे. तिकडं तेवढी तर बोलंल."

३० नोव्हें., रवि.

केला फोन. सचिन-वैशालीला बाजूला जा म्हटलं. सई एकटी समोर. दोन दात पडलेत.

मी खोडरबर दाखवलं. म्हटलं, सई, हा तुझा इसार परत. सौदा मोडला. मी मोडला, तू नाही. सहा महिन्यांनी यायचं ठरलं होतं, ते मी खोटं ठरवलं होतं. तुझं घर आता तिकडे आहे. शाळेत बोलायला लाग.

तिने पडलेल्या दातांच्या जागी जीभ फिरवली.

मग म्हणाली, "मग मी कधी यायचं?"

मला आकडा सांगता आला नाही. शाळेला सुट्टी लागली की, पप्पांना रजा मिळाली की, असं काहीतरी बोललो. गिऱ्हाईक टाळताना बोलतात तसं. तिला कळलं.

"तुमी खोटे व्यापारी हाय नाना."

आणि उठून गेली. पडद्यावर नुसती खुर्ची. खुर्चीमागे खिडकी, तिकडे अजून चांगला उजेड होता. मी बघत बसलो. थोड्या वेळाने वैशालीने येऊन फोन बंद केला.

भाकरी नको झाली. भाभीने डबा पाठवला होता, तसाच परत कसा द्यायचा म्हणून लालीला घातला.

२ डिसें., मंगळ.

काही नाही. लालीची करडं दावं चघळतात.

इंग्लिश मीडियमच्या बाईंचा फोन. जागा धरून ठेवायची का? आठ दिवसांत सांगा. बरं म्हटलं. हो म्हणालो नाही. नको, हेही म्हणालो नाही. नको म्हणायला फोन दोनदा हातात घेतला.

४ डिसें., गुरु.

पहाटे उठलो. त्यांची शाळा आमच्या रात्री दीडला भरते. सचिनचा एक फोटो येऊन पडला होता. फाटकातून सई आत चालली आहे, पाठमोरी. बूट हातात. खाली लिहिलं आहे, "आम्हाला बाहेर थांबू दिलं नाही. तीनला न्यायला बोलावलंय."

फोटो मोठा करून पाहिला. पाय दिसतात, तोंड दिसत नाही.

तिकडचे तीन म्हणजे इथे साडेसात. साडेसात झाले, नऊ झाले. अकरा झाले. फोन नाही.

५ डिसें., शुक्र.

फोन नाही. मी लावला, उचलला नाही. ड्यूटीवर असतील.

बाजारात गेलो, घरात बसवेना. एका पोराने खिलार गोऱ्ह्याचा भाव तोंडाने सांगितला, भर गर्दीत. आता मोबाईलवर सगळं ठरतं म्हणे. रशीदभाई म्हणाला, बरंच झालं.

७ डिसें., रवि.

रविवार असून फोन नाही. असं कधी झालं नव्हतं. फोन चार्ज आहे. रेंज आहे. रशीदभाईला त्याच्या फोनवरून माझ्या फोनला लावायला सांगितलं, वाजतो.

काय झालं असेल? बोलली नसेल, आणि मला कसं सांगायचं म्हणून गप्प असतील. का बोलली, आणि सगळे त्या आनंदात आहेत? का तिने सांगितलं असेल की नानांना फोन लावू नका? असंही असेल. सचिनला पत्राचं कळलं असेल तर तोही रागावला असेल. त्याचा राग खरा आहे.

९ डिसें., मंगळ.

आज सहा महिने भरले. तिकडे कपाटामागे आजची रेघ मारली असेल का, का तीस तारखेलाच थांबली?

सकाळी इंग्लिश मीडियमला जाऊन नाव काढायला सांगितलं. बाईंनी रजिस्टरमध्ये तिच्या नावावर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, येणार नाही का मग? म्हटलं, माहीत नाही.

सचिन, वैशाली, व्हॉट्सअॅपवर मोठं लिहिता येत नाही मला, बोटं अडखळतात. म्हणून इथे लिहितो आणि या पानांचे फोटो काढून पाठवतो, पहिल्यापासून. ट्रेनिंगचं खोटं होतं ते सचिनला यात वाचायला मिळेल. राग धरा, पण कळवा. जागा मिळाली का नाही, ते नंतर सांगितलंत तरी चालेल. त्या दिवशी ती कोणाशी बोलली का, बाईंशी, एखाद्या पोरीशी, कोंबड्यांशी सुद्धा, तेवढं एका ओळीत लिहा. आजच लिहा. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.