कमानीवरचा केस

बडोदे, रावपुरा
पौष शुद्ध ३, शके १८३३

सौ. अहल्या हीस जयवंतरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. येथील सर्व क्षेम. तापातून उठून तू दोन घास जेवू लागलीस हे कळले, बरे वाटले. प्रेमला घर सांभाळते आहे. तिच्या भाकरीचा अजून नकाशाच होतो.

कामाचे म्हणशील तर मुंबईहून बारा आसांची मागणी आली आहे. खिशातल्या घड्याळाच्या डुलत्या चाकाचा आस म्हणजे तांदळाच्या दाण्याहून आखूड, आणि टोके तर भिंगाशिवाय दिसत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. ही टोके कातताना आस फिरवायच्या कमानीला दोरी म्हणून तू माहेरी जाताना ठेवलेले गुंतवळातले केस लावून पाहिले. दोन दिवसांत तुटत, कमान झटका देई, टोक मोडे आणि सगळी सकाळ फुकट जाई. आता दुसरा केस मिळाला आहे. दीड हात लांब, काळाभोर आणि काय चिवट! पंधरा दिवस एकच चालला आहे. असा केस माझ्या कमानीला या जन्मी लागला नव्हता.

तिकडची काही हकीकत राहिली असल्यास मोकळेपणी लिहावी. प्रकृतीस जपून असावे, हा आशीर्वाद.

जयवंतराव

सावली
पौष शुद्ध ७

चि. प्रेमलावन्सं यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र एकटीने वाचा आणि चुलीत घाला.

वन्सं, माझ्या डोक्यावर केस नाहीत. ताप एकेचाळीस दिवस हटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले केस काढा. आईने कात्री घेऊन वेणी मुळापासून उतरवली. पुढे तिचे काय केले ते मी विचारले नाही, मही नदीत सोडली असेल. सवाष्णीचे असले डोके! आरशात कपाळापुरतेच पाहते आणि कुंकू लावते. तिकडे कळवायचे नाही म्हणून आईला, भास्करदादाला, सगळ्यांना गळ्याची शपथ घातली आहे.

आणि अशात तुमच्या दादांचे पत्र. म्हणे दुसरा केस मिळाला, चिवट आहे! आठ वर्षे माझ्या फणीतले केस वेचून नेले, तेव्हा नाही कुणाचा चिवटपणा आठवला. अहो, दीड हात केस काय बाजारात तागडीने मिळतो? कुणा बाईने आपल्या डोक्याचा काढून दिल्याशिवाय येईल कुठून? गुंतवळसुद्धा बायका परक्याच्या हाती लागू देत नाहीत. ती सटवी कोण ते शोधून काढा. तुमचे केस खांद्याच्या जरा खाली, तेव्हा तुमच्यावर माझा वहीम नाही.

माझ्या अंगाची लाही लाही होते आहे, उत्तर लवकर द्यावे.

तुमची वहिनी

बडोदे
पौष शुद्ध १२

ती. सौ. वहिनींस प्रेमलाचा सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी रडले, मग वहिमाच्या ओळीला हसले. रागावू नका हं.

तो केस पाहिला. एक नाही वहिनी, पुष्कळ आहेत! दादा ते रेशमी रुमालात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवतो आणि मला हात लावू देत नाही. कुणाचे म्हणून विचारले तर भिंग डोळ्याला लावून कामाला लागतो. दुकानात बायका फारशा येत नाहीत. फतेगंजातली चारुलताबेन मात्र वडिलांच्या घड्याळासाठी तीनदा येऊन गेली. वेणी गुडघ्याशी पोचते. तिने केम छो म्हणून विचारले, दादाने मजामां म्हणून सांगितले, एवढेच माझ्या कानी आले. खोटे कशाला सांगू?

डोक्याला माका घातलेले तेल लावा, केस येतील. जीव जाळून घेऊ नये, ही विनंती.

प्रेमला

सावली
पौष वद्य १

तीर्थस्वरूप स्वारीच्या चरणी अहल्येचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडून मोकळेपणी लिहायची आज्ञा झाली होती, म्हणून लिहिते.

मजामां! आठ वर्षांत मी कधी खुशाली विचारली तर नुसते हूं व्हायचे, आणि फतेगंजच्या बाईला मजामां! तिची वेणी गुडघ्यापर्यंत, आणि माझे डोके तापात बोडके झाले आहे. होय, तेच लपवले होते. मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी आधी माझी वेणीच हातात धरली होती. ती वेणीच गेली, आता घरात माझे काय उरले? त्या बाईचा केस कमानीवर नाचताना पाहत मी भाकऱ्या भाजू? ते मला व्हायचे नाही. मी सावलीतच राहते. माझ्या गुंतवळातला एखादा केस उरला असेल तर जाळून टाकावा, पण तिच्या केसांत मिसळू नये.

कृपा असावी असे लिहायचे असते, म्हणून लिहिले आहे.

अहल्या

बडोदे
पौष वद्य ४

सौ. अहल्या हीस अनेक आशीर्वाद. वि. वि. वेडे, केस तुझेच आहेत.

मार्गशीर्षात भास्करराव दुकानात आले. तू शपथ घातली असणार, म्हणून तोंडातून अक्षर नाही. तुझ्या आईने दिलेले पुडके पुढ्यात ठेवले आणि मान खाली घालून उभे राहिले. मी उघडले तर आत तुझी वेणी. अहल्ये, मला वाटले तू गेलीस. मी एवढ्याने ओरडलो की समोरचा भांडी घडवणारा कंसारा हातोडी टाकून धावत आला. तेव्हा कुठे भास्कररावांनी मान हलवून नाही म्हटले, आणि मी खाली बसलो. त्या दिवसापासून तुझ्या डोक्यावर केस किती, हा प्रश्न मला पडलेला नाही.

फणीत येतो तो आपोआप गळलेला केस, तो कच्चाच असतो. हा कापलेला, म्हणून टिकतो. तू आपणहून सांगशील म्हणून पत्रात खडा टाकून पाहिला, ते चुकले. आणि चारुलताबेन येते ती भांडायला. तिच्या वडिलांचे घड्याळ तीन महिने माझ्याकडे पडून आहे, आणि मजामां म्हटल्याशिवाय ती बाई जात नाही.

येत्या गुरुवारी बैलांची दमणी घेऊन येतो. तयार असावे, हा आशीर्वाद.

जयवंतराव

सावली
पौष वद्य ६

तीर्थस्वरूप स्वारीच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र आईलाच वाचून दाखवायला लावले. ओरडल्याचे आले तिथे तिला पुढे वाचवेना, मग मीच वाचले. भास्करदादा गोठ्यात जाऊन बसला आहे.

चारुलताबेनवरचा राग गेला. तिचे घड्याळ आधी द्यावे. पण खरे सांगू? हेवा काही जात नाही. मी इथे पदर कानामागे खोचून दिवस मोजते आहे, आणि ती मेली वेणी महिनाभर रेशमी रुमालात इकडच्या हाताशी. माझ्या आधी घरी जाऊन बसली! गुरुवारपर्यंत मला धीर नाही. दादाला गाडी जुंपायला सांगितले आहे, उद्या निघते.

लोभ माझ्यावर असावा, वेणीवर नव्हे, ही विनंती.

अहल्या