पेणच्या दवाखान्यातलं बाकडं

पेण,
५ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. डेबोरामावशीस,
तामारचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. बाबांचं डिमोनाहून पत्र आलंय. वल्हांडणाच्या सणापर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत दवाखान्याचं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर गाळा सोड आणि इस्रायलला निघून ये, म्हणतात. आईबाबा तिकडे गेल्यापासून हेच पालुपद चालू आहे. मला पेण सोडायचं नाही, मावशी. अजिबात नाही.

पण पेशंट टिकत नाहीत गो! दवाखाना उघडला तेव्हा कशी झुंबड होती. खाडीकडच्या मिठागरातल्या बायका आल्या, गडबचे शेतकरी आले, हमरापूरचे मूर्तीवाले आले. एकदा आले ते आले, पुन्हा फिरकले नाहीत. बरं, औषध लागू पडलं नाही म्हणावं तर तसंही नाही. बाजारात भेटतात, ताप गेला म्हणून हसून सांगतात, आणि पुढच्या दुखण्याला एसटी स्टँडजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जातात. तिथे अंधार, रेटारेटी आणि बाकड्यावर शेंगांची टरफलं! मी रविवारीसुद्धा उघडते. सुई मागणाऱ्याशी वाद न घालता नीट समजावते. पंखा लावलाय. स्वच्छता तर मुंबईच्या हॉस्पिटलसारखी. पेशंट उठला रे उठला की माझी मदतनीस हौसा फिनेलच्या फडक्याने बाकडं लख्ख पुसून घेते.

जीव अडकलाय तो बायजाबाईपाशी. मिठागरात राबते, साखरेचा आजार आहे, आणि खाऱ्या पाण्यात उभं राहून अंगठ्याची जखम चिघळलीय. रोज पट्टीला ये म्हणून बजावलं, तर आलीच नाही. दोनदा निरोप धाडला, बरा हाय म्हणाली. बरा कसा असेल? असंच चाललं तर तिचा पाय जाईल. माझं काय चुकतंय, तुला काही सुचतं का?

नथानियलकाकांना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून इथे धीर धरून आहे, ती कमी करू नकोस.

तुझी,
तामार

---

रोहा,
११ फेब्रुवारी १९९६

चि. तामारला,
डेबोरामावशीचे पोटभर आशीर्वाद.

अगो, तुझं पत्र तुझ्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, कंपनीतला डॉक्टर सगळ्यांना लाल औषध देतो, तूही बाटलीत लाल रंग घाल. असले सल्ले शिफ्टवरून आल्यावर फुकट मिळतात. मला वाटतं, तुझा चेहराच शाळेतल्या बाईंसारखा आहे, माणूस ताप सांगायच्या आधी पाढे आठवत असेल.

चेष्टा पुरे. झाकण काढल्याशिवाय आत काय शिजतंय ते कळत नाय. मी गुरुवारच्या गाडीनं पेणला येते. हौसानं मला कुठं पाहिलंय? डोक्यावरून पदर घेऊन, खोकत, चारचौघींसारखी बाकड्यावर बसेन. खोकला खरा आहे, त्याचं सोंग नाय. तू मात्र ओळख दाखवू नको नि हसू तर मुळीच नको. परतताना पोह्याचे पापडही न्यायचे आहेत.

आमच्यात तुझ्याशिवाय इथं उरलंय कोण? डिमोनाला जायची भाषा या मावशीसमोर काढायची नाय. लोभ आहेच, तो तू कितीही सतावलंस तरी राहणार.

तुझी,
डेबोरामावशी

---

रोहा,
१८ फेब्रुवारी १९९६

चि. तामारला,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझ्याकडून औषध घेऊन मुकाट्यानं निघाले, त्याचा राग धरू नको. तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

बाकड्यावर माझ्या आजूबाजूला तिघी होत्या. तुझ्या हाताला गुण आहे, असंच बोलत होत्या. मग माझा नंबर आला, मी उठले, आणि मागं फडक्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर हौसा मी बसले होते तेवढीच जागा घासूनपुसून काढत होती. माझ्या अंगावर काटा आला गो.

तुला ठाऊक नाय, तुझ्या आईनं कधी सांगितलं नसेल. आम्ही लहान असताना तुझी आजी खोतांकडं तेल घालायला जायची. आम्ही यहुदी, शनवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून शनवार तेली. ओट्याच्या कडेला बसायचं, तेल मोजून द्यायचं. आम्ही उठलो की खोतीण त्या जागेवर तांब्याभर पाणी ओतायची. आई मागं न बघता झपाझपा चालायला लागायची. गुरुवारी मी तिथंच, त्या ओट्यावर होते.

बाहेर टपरीवर त्या बायकांमध्ये चहाला बसले. मालू म्हणून एक मिठागरवाली आहे, बायजाबाईची जाऊ. ती म्हणाली की डाक्टरीण गोड हाय, पन आमी उठलो का लगेच पुसून घेती, आमचा विटाळ व्हतो तिला. म्हाताऱ्याकडं टरफलं असतात, पन आमच्या मागं कोन फडका नाय मारीत. बायजाबाई तर म्हणते म्हणे, पाय सडला तरी चालंल, तिथं नाय जायची.

मी फिनेलचं, जंतूंचं सांगणार होते, पण चहाचे पैसे देऊन उठलेच. मला सगळं कळत होतं, तरी मलाही लागलंच. आता काय करायचं ते तू ठरव, पण त्या बाईचं लवकर बघ.

माझी माया तुझ्यापाशी ठेव म्हणून आहे, सांभाळ.

डेबोरामावशी

---

पेण,
२४ मार्च १९९६

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. खरं सांगते, तुझं पत्र वाचून आधी तुझ्यावरच चिडले. विटाळ? आणि मी? उद्या एखाद्याचा पू बाकड्याला लागला तर तसाच ठेवू? दिवसभर हौसाशीही धड बोलले नाही. मग संध्याकाळी रिकाम्या दवाखान्यात त्या बाकड्यावर जाऊन बसले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जंतूंना काय, आधी पुसलं काय नि नंतर पुसलं काय, सारखंच! माणसाला मात्र सारखं नाही. हौसाला सांगितलं, उठल्यावर फडक्याला हात लावायचा नाही. नवा माणूस दारात आला की त्याच्यादेखत पुसायचं आणि बसा म्हणायचं. घरी पाहुण्याला पाट पुसून देतो तसं. हौसाने कपाळाला हात लावला, बिचारी माझंच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी बायजाबाईच्या घरी गेले. अंगठा काळा पडला होता. मी तिथेच जमिनीवर बसून तिची माफी मागितली, फडकं कशासाठी होतं तेही सांगितलं. तिने एवढंच विचारलं की अलिबागला मोठ्या दवाखान्यात जायचं तर मी संगती येईन का. मी दवाखान्याला कुलूप लावलं नि गेले. पाय वाचला, मावशी, पण अंगठा काढावा लागला. तो माझ्या फडक्याने गेला. लवकर कळलं असतं तर राहिला असता, याचं फार वाईट वाटतं.

लोक येऊ लागलेत. मालू दोन्ही पोरांना घेऊन आली. गडबची माणसं तर दुसऱ्यांदा आली! बाबांना कळवलंय, मी येत नाही, तुम्हीच हिवाळ्यात या.

काल बायजाबाई पट्टीला आली, काठी टेकत, एकटी. हौसा गोळ्या आणायला गेली होती, म्हणून फडकं मीच घेतलं. बाकडं पुसलं, बस म्हटलं. ती बसेना. म्हटलं, आता काय चुकलं? तर ती त्या ओल्या बाकड्याकडे बघत म्हणाली की माझ्या मागनं पुसनारे जल्मभर बघितले, बाय, माझ्या आधी पुसनारी तूच पयली. मग पदर सावरून ऐसपैस बसली आणि पाय माझ्या हातात दिला.

मला पट्टी सोडायला जरा वेळ लागला. सणाला रोह्याला येतेच आहे, तोवर अशीच आठवण काढत जा.

तुझी,
तामार