आईची डिस्क आणि बाकीच्यांची फाईल

दादा,

मी कामावर निघाले. बाबांच्या आठवणींची फिल्म झाली. टीव्हीजवळची डिस्क आईसाठी आहे. तिच्या जुन्या प्लेअरला दुसरं काही चालत नाही, म्हणून डीव्हीडी केली. चित्र जरा धूसर आहे, पण तिला पुरे. नातेवाइकांसाठी एमपीफोर फाईल काढली, ती हलकी असते आणि फोनवर स्वच्छ दिसते. सकाळीच सगळ्यांना पाठवली.

डिस्कमध्ये तू आहेस. बाबांचा हात धरून "मी आहे ना, बाबा" म्हणतोस, तेही ठेवलंय. एमपीफोरमधून तुला पूर्ण काढून टाकलंय. कॅमेरा बंद झाल्यावर तू "झालं ना?" म्हणून हात सोडलास आणि विमान गाठलंस. बाबा कितीतरी वेळ चादरीवर तुझा हात चाचपत होते. मी माझा पुढे केला, तर म्हणाले, "तुझा नको."

काकांचा फोन येईल, तू फिल्ममध्ये कसा नाहीस म्हणून. काय सांगायचं ते तूच बघ.

आईला डिस्क लावून दे आणि संपेपर्यंत तिच्याजवळ बस. ती तुझं भरभरून कौतुक करेल. सगळं ऐकून घे.

छोटी