‘बोलि’ची पहिली वेलांटी

लातूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज नाण्यांच्या ग्रुपवर निजामाच्या चांदीच्या रुपयाचा लिलाव होता. विकणारे धर्माबादचे गंगाधरकाका. माझ्या बोलीवर सारखा एकच जण चढत होता, ‘शौकीन’ नावाचं नवं खातं. दरवेळी लिहायचा, ‘माझी बोलि’. पहिली वेलांटी! दिवसभर क्लासच्या नोट्स टाइप करणाऱ्याला ती टोचणारच. मग आठवलं, काकाही कायम ‘बोलि’च लिहितात. म्हणजे आपल्याच मालाचा भाव आपणच चढवायचा? मी दोघांच्या मेसेजचे स्क्रीनशॉट ग्रुपवर शेजारी शेजारी टाकले.

लगेच काकांचा फोन. “धावी नापास तू, अन् माझं शुद्धलेखन तपासून राहिला व्हय?”

“हाव काका. तेच तपासलं.”

नंतर ॲडमिनचा निरोप आला. उद्यापर्यंत माफी लिही, नाहीतर ग्रुपमधून काढतो. खोटं कशाला लिहू? नाण्यांबद्दल बोलायला मला दुसरं आहे कोण? पण चूक माझी आहे का? परत जाऊन पाहिलं. वेलांटी पहिलीच आहे.

शेवटी लिहिलं, ‘माफी नाही.’ दोनदा तपासलं आणि पाठवलं. दोन्ही वेलांट्या दुसऱ्या.