‘लोखंडी जिना’ची उजवी बाजू ताईला

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, घरात ‘भिरभिरं’ म्हणून ओळखला जाणारा, सध्या मुक्काम हॉस्पिटलचा तिसरा मजला, खिडकीकडची खाट, असं लिहून ठेवतो की माझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. दुखतंय ते पोट. दुपारी माझं अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, ह्यात काही होत नाही. पण असं म्हणता म्हणता त्यांनी माझ्या तीन सह्या घेतल्या, तेव्हा ही चौथी मी माझ्या मनाने करतो आहे. कोणाचं दडपण नाही. सकाळपासून पाणीसुद्धा दिलेलं नाही, त्यामुळे नशेचाही प्रश्न येत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा ट्रकच्या फळीवर खडूने काहीबाही लिहिलं होतं, ते धरू नये.

कागदाची भाषा शेजारच्या खाटेवरचे कारकूनकाका बघून देत आहेत. त्यांची नोकरी कोर्टात असलेच कागद लिहिण्यात गेली. चुकलो की ते चष्म्यावरून बघतात, मी खोडतो.

कलम १. घर. घर नाही. तिघांत मिळून एक खोली आहे, त्यातली खिडकीखालची गादी माझी. दोघांपैकी जो जास्त घोरतो त्याला ती द्यावी, म्हणजे तोंड बाहेरच्या बाजूला राहील. दोघंही म्हणतील दुसरा घोरतो. मी सांगतो, उंच आहे तो.

कलम २. शिल्लक. काका म्हणाले हे कलम घालावंच लागतं. घातलं.

कलम ३. हत्यारं व इतर वस्तू. सोल्डरिंगची गन रेडिओदुरुस्तीवाल्या मामांना परत करावी. परत म्हणजे ती त्यांचीच आहे. त्यांच्या दुकानात मी आठ महिने काम शिकलो. मामा म्हणायचे, “हात सोन्यासारखा आहे रे तुझा, पण बूड खुर्चीला लागत नाही.” खरंच होतं ते. मग मी सामान हलवणाऱ्या ट्रकवर गेलो, मग नाटकवाल्यांचे दिवे टांगले, मग रंगाऱ्याचा हाताखालचा झालो. बूट ट्रकवाल्या उस्तादांना द्यावेत. त्यांच्या पायात जाणार नाहीत, पण दोन वर्षं ते त्यांच्याकडे बघत होते. ~~पांघरूण कारकूनकाकांना.~~

वरची ओळ काकांनी खोडायला लावली. म्हणाले, “मी साक्षीदार म्हणून सही करणार ना तुझ्या कागदावर? मग मला काही ठेवायचं नाही. साक्षीदाराला ज्या कागदावर त्याने सही केली त्यातून सुतळीचा तोडाही मिळत नसतो.”

मी म्हटलं, “काका, पांघरूण लोकरीचं आहे.”

“खोड.”

कलम ४. राग. माझे राग एकूण दोन. पहिला आत्येभावावर. तो म्हणाला होता, रॉकच्या गाण्यात रॅप घालणं म्हणजे रेनकोटवर टाय बांधणं. त्याला मी माफ करतो, कारण वाक्य चांगलं होतं आणि नंतर मीच ते दोन-तीन ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं. दुसरा राग माझ्यावर आहे. तो पुढच्या कलमात येतो.

कलम ५. ‘लोखंडी जिना’. हा अल्बम आहे. चार रॉकवाले आणि दोन रॅपर ह्यांनी मिळून केला, नऊ गाणी. अल्बम खपला नाही, रॉकवाले इकडे, रॅपर तिकडे झाले. पण मला विचाराल तर (विचारलं नाहीत तरी हे माझं मृत्युपत्र आहे) त्याच्या वर काही नाही. पहिल्या गाण्यात गिटार अशी उतरते जसं चौघांनी लोखंडी कपाट जिन्यावरून खाली आणावं, दर पायरीला दण्ण. मी कपाटं उतरवली आहेत, मला माहीत आहे. तिसऱ्यात ड्रमवाला आणि लहान रॅपर शर्यत लावतात आणि दोघंही हरतात, फार मजा येते. सहावं गाणं टाकाऊ आहे. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं की एक तरी रडकं पाहिजे. आणि नववं, त्याबद्दल सांगायलाच मी हे सगळं लिहायला बसलो, घर आणि गादी ही नुसती वाट होती.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि तिचा उजवा कान गेला. घरी एकच इअरफोन होता. त्याचा डावा बोंडका तिच्या डाव्या कानात, उजवा माझ्या उजव्या कानात, मधली वायर दोघांच्या हनुवटीखाली, असे आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून हा अल्बम ऐकायचो. रोज. आई म्हणायची, एकाने मान वळवली की दुसऱ्याची आपोआप वळते.

आणि आमचं कधी पटलं नाही. ताई म्हणायची, हा रॉकचा अल्बम आहे, मागे कुठेतरी कोणी पुटपुटतंय. मी म्हणायचो, हा रॅपचा आहे, लांब कोणीतरी भांडी आपटतंय. नवव्यात तर जुंपायची. त्यात चार-चार ठोक्यांच्या मोकळ्या जागा आहेत. मी म्हणायचो, रॅपर दम घेतोय. ताई म्हणायची, “दम कसला, रॅपर आहेच कुठे? गिटारवाला सूर विसरतोय आणि परत आठवतोय.” वर्षानुवर्षं हे एकच भांडण. मी घर सोडून ट्रकवर गेलो तेव्हाही टेपची उजवी बाजूच वाजायची, डावा स्पीकर उस्तादांनी काढून तिथे पानाचा डबा ठेवला होता. त्यामुळे माझं मत आणखी पक्कं झालं.

दोन वर्षांपूर्वी घरी गेलो होतो. जेवताना पुन्हा तेच निघालं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तुला अर्धंच ऐकू येतं, तू कशाला मत देतेस?”

ताईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाली, “बरोबर आहे.” आणि उठली. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

आता ऐका. तीन आठवड्यांपूर्वी रंगाऱ्याबरोबर एका दुकानाची भिंत रंगवत होतो. तिथे गिऱ्हाइकांना ऐकून बघायला मोठे हेडफोन ठेवले होते, दोन्ही कान झाकणारे. हाताला रंग होता, तसाच घातला आणि नववं लावलं. डाव्या कानात गिटार. उजव्या कानात रॅपर. करणाऱ्यांनी दोघांना दोन बाजूंना बसवलंय, अख्ख्या अल्बमभर (बाकीची आठही मग लावून बघितली). गिटार चार ठोके बोलते आणि थांबते, रॅपर उत्तर देतो आणि थांबतो. कोणी दम घेत नाही. कोणी विसरत नाही. दोघं एकमेकांचं ऐकतायत.

मी दुकानात मोठ्याने हसलो. मालकाला वाटलं रंग चुकला. मग मला ते जेवणाचं ताट आठवलं. सगळ्यांसमोर तिला अर्धं ऐकू येतं म्हणालो, आणि दोन्ही कान धड असून बारा वर्षं मीसुद्धा अर्धंच ऐकत होतो.

त्याच संध्याकाळी मामांच्या दुकानात जाऊन अंगठ्याएवढा एक प्लग बनवला. दोन्ही बाजूंच्या वायरी त्यात एकत्र येतात आणि सगळं एकाच कानात जातं. मामांनी तपासला. म्हणाले, “टाका स्वच्छ आहे. कोणासाठी?” मी म्हटलं, ताईसाठी. ते म्हणाले, “मग इथे काय करतोयस?” तीन आठवडे तो प्लग खिशात घेऊन फिरतोय. दोनदा तिच्या गल्लीपर्यंत गेलो. एकदा परत आलो, एकदा वाटेत एक पतंगवाला भेटला. मग पोटात दुखायला लागलं.

तरी हा प्लग, इअरफोन आणि ‘लोखंडी जिना’ माझ्यामागे ताईला मिळावा. त्यासोबत हेही मिळावं: मी त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं होतं आणि घाण होतं. रॉकचाच अल्बम आहे, ताई. रॅपचाही आहे.

पुरवणी. वरचं लिहून होतं आहे तोवर ताई आली. भरतीच्या कागदावर जवळचं नातेवाईक म्हणून मी तिचा नंबर दिला होता, नर्सबाईंनी फोन केला. दारातूनच म्हणाली, “अपेंडिक्स आहे ना? मग तोंड असं का केलंयस?” माझ्या हातातून कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. पाचव्या कलमाला खाली बसली. दोनदा वाचलं. डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक ओढलं.

मग काकांना म्हणाली, “दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे. मी करते सही.”

काका म्हणाले, “पोरी, सही केलीस तर ह्यातलं काही तुझ्याकडे येणार नाही. पाचवं कलम गेलं म्हणून समज.”

“जाऊ दे की. मेलेल्याकडून मला काही नको. द्यायचं असेल तर उठून, चालत येऊन हातात देईल.” पेनाचं टोपण काढत विचारलं, “अर्ध्या कानाची साक्ष चालते ना?”

“साक्षीला हात लागतो,” काका म्हणाले. “कान नाही लागत.”

सबब कलम ५ रद्द. प्लग पँटच्या खिशात आहे, पँट कपाटात आहे, कपाटाची किल्ली ताईने घेतली आहे आणि ती उघडून देत नाही. म्हणजे मला दुपारनंतर शुद्धीवर येणं भाग आहे. बाकी कलमं कायम.

स्थळ: खिडकीकडची खाट. दिनांक: ऑपरेशनचा. वेळ: स्ट्रेचर दारात उभं आहे.

(सही) भिरभिरं

साक्षीदार १: कारकूनकाका, शेजारची खाट. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. हसत होता, पण शुद्धीत होता.

साक्षीदार २: ताई. माझ्यासमोर सही केली. गिटारवाला विसरत नाही हे मी स्वतः ऐकल्याशिवाय मान्य करणार नाही. चार वाजता येऊन बसते.